वकाश

मी मराठी शिकवतो. वीस-बावीस वर्षं झाली. समासाचा पाठ दरवर्षी येतो आणि अव्ययीभाव समासाची उदाहरणं मी दरवर्षी त्याच क्रमानं फळ्यावर लिहितो. यथाशक्ती, यथामती, यथाक्रम, प्रतिदिन, आजन्म. मागच्या वर्षीपर्यंत या यादीत एक शब्द नसायचा. पोरांना ते कळायचं कारण नव्हतं. पुस्तकात तो आला, तर मी खोकल्याचं निमित्त करून पुढच्या ओळीवर जायचो. तो शब्द यथावकाश. सवडीप्रमाणे, वेळ मिळेल तसं. साधा कचेरीतला शब्द आहे, कोणाच्या अंगावर धावून येत नाही. माझ्या येतो. का येतो ते सांगायचं, तर आधी आम्हा चौघांच्या बोलीबद्दल सांगावं लागेल.

जानेफळच्या शाळेत आम्ही चौघं पाचवीपासून एका बाकाच्या आगेमागे होतो. नववीपर्यंत आमची अशी बोली तयार झाली होती की शेजारी बसलेल्याला शब्द सगळे ऐकू यायचे आणि अर्थ एकाचाही लागायचा नाही. आम्हाला त्याचा फार माज होता. ही बोली कुठून आली असं कोणी विचारलं असतं, तर आम्ही छाती काढून सांगितलं असतं की आम्ही केली. ते खोटं आहे. आमच्यातल्या एकानं खरोखरच शब्द करायचा घाट घातला होता. शंभर पानी वहीत त्यानं वीस-पंचवीस नवे शब्द अर्थासह लिहून आणले, आम्हाला पाठ करायला लावले, आणि आठवड्याच्या आत तो स्वतःच विसरला. शब्द बसून करता येत नाही. तो कोणाच्या तरी हातून सांडावा लागतो आणि दुसऱ्यानं तो उचलावा लागतो.

दोन उदाहरणं देतो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आमच्यातल्या एकाच्या वडिलांचं भाजीपाल्याचं वावर होतं आणि आठवडी बाजारात त्यांचं दुकान लागायचं. वांगी घ्या, टमाटे घ्या, वरून सांबाराच्या चार काड्या ते न मागता पिशवीत टाकत. एकदा तालुक्याला क्रिकेटची मॅच होती. संघात नसताना मी टेम्पोत चढलो, तेव्हा हा मित्र म्हणाला, "हा सांबार हाये, वरून आला." झालं. त्या दिवसापासून न बोलावता सोबत येणारा तो सांबार. त्याच्या घरी जेवणाच्या वेळेला मी नेमका उगवायचो, त्यामुळे हा किताब बराच काळ माझ्याकडेच राहिला.

दुसरा शब्द 'दोनदा'. गावात पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला काहीही सांगितलं की तो आधी "आँ?" म्हणायचा, मग पुन्हा सांगावं लागायचं. म्हणून कमी ऐकू येणारा, किंवा सांगितलेलं डोक्यात न शिरणारा माणूस म्हणजे दोनदा. "गणिताचे सर आज दोनदा हायेत बे." आम्ही पोट धरून हसायचो. त्या माणसाचे कान त्या गिरणीच्या पट्ट्याजवळ उभं राहून राहून गेले होते, आणि आमच्या सगळ्यांच्या घरची भाकरी त्याच पिठाची होती. हे मला तो वारल्यावर सुचलं. हसताना अशा गोष्टी सुचत नाहीत. आमचे शब्द आता आठवले की प्रत्येकाच्या बुडाशी असा एखादा माणूस दिसतो.

आता तिसरा शब्द.

भाजीपाल्याच्या वावरात विहीर होती, विहिरीला पाणी होतं, पण ते उपसायला एक जुनं ऑइल इंजिन होतं. ते मनात आलं तर चालायचं. मित्राच्या वडिलांना मी काका म्हणायचो. काकांनी विजेच्या मोटारीसाठी कनेक्शनचा अर्ज केला होता आणि बरेच महिने त्याचं काही कळलं नव्हतं. आम्ही नववीत होतो, थंडी सरत आली होती. दुपारी त्यांच्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्ही चौघं हरभरा सोलत बसलो होतो. काका पायवाटेनं जवळजवळ पळत आले. हातात खाकी पाकीट होतं.

काका चौथी शिकलेले. वाचता येतं याचा त्यांना अभिमान होता. पत्र ते दुसऱ्याच्या हातात देत नसत. उभ्या-उभ्या, प्रत्येक अक्षरावर नखाची खूण करत त्यांनी वाचलं, "आपला अर्ज... या कार्यालयास... प्राप्त झाला असून... त्यावर... येथा... वकाश... कार्यवाही करण्यात येईल."

ते थांबले. पुन्हा वाचलं. मग त्यांचा चेहरा असा खुलला की तो मला आजही काढून टाकता येत नाही.

"येथा वकाश! म्हंजे येथं वकाश हाये. जागा हाये आपल्याले! नंबर लागला रे पोट्टेहो!"

आणि ते जसे आले तसेच गावाकडे गेले. अर्ध्या तासानं परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. पहिला पेढा देवाला ठेवून आले होते, दुसरा माझ्या हातात. वर्गात मराठीत माझा पहिला नंबर असायचा. म्हणून मी पेढा तोंडात टाकला तेव्हा त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं.

"बापू, तू हुशार हायेस. बरोबर वाचलं ना म्या?"

चारच दिवस आधी सरांनी वर्गात समास घेतले होते. यथाशक्ती, यथावकाश. विग्रह: अवकाश मिळेल त्याप्रमाणे. मी तो सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला होता. पत्रात काय लिहिलंय ते मला लख्ख दिसत होतं. आत्ता काही होणार नाही, जेव्हा व्हायचं तेव्हा होईल, इतकंच. माझ्या तोंडात पेढा होता. मी मान हलवली. हो.

का हलवली, याची दोन उत्तरं मी इतकी वर्षं स्वतःला देत आलोय. एक, त्यांचा चेहरा पाहून हिंमत झाली नाही. दुसरं, मला आतून हसू फुटत होतं आणि तोंड उघडलं असतं तर ते बाहेर आलं असतं. दोन्ही खरी आहेत. पहिलं उत्तर मला आवडतं म्हणून मी ते आधी सांगतो.

काका गेल्यावर मी तिघांना अर्थ सांगितला. काकांचा मुलगाही त्यात होताच. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग सगळ्यांत मोठ्यानं हसला. पंधरा वर्षांच्या पोराला बापाची चूक चारचौघांत कळली की तो दुसरं काय करणार. हसून झाल्यावर म्हणाला, "बाबाले सांगू नको बे." मी म्हटलं, "नाही सांगत." आम्हाला दोघांनाही वाटलं की ही माया आहे.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आमच्याकडच्या एकानं उंच फटका मारला आणि षटकार समजून दोन्ही हात वर करून नाचला. चेंडू सीमेच्या अलीकडे झेलला गेला होता. मी ओरडलो, "वकाश झाला रे तुले!" तिघं जमिनीवर लोळले. शब्द जन्मला. वकाश होणे म्हणजे जे मिळालेलंच नाही त्याचा आनंद करणे. इतका नेमका अर्थ सांगणारा दुसरा शब्द मला आजही मराठीत सापडलेला नाही, आणि हे मी मराठीचा मास्तर म्हणून सांगतो.

काकांनी मात्र तो कागद खरा धरला. दर उन्हाळ्यात ते निम्मंच वावर भिजवायचे, इंजिनाच्या जिवावर तेवढंच भिजायचं. त्या वर्षी मोटार येणार म्हणून त्यांनी सगळ्या वावरात वांग्याची आणि टमाट्याची रोपं लावली. चैत्रात इंजिन कायमचं बसलं. कनेक्शन आलं नाही. काका, काकू आणि माझा मित्र दोराच्या बादलीनं विहिरीचं पाणी काढून रोपांच्या बुडाशी ओतत होते. अर्धं वावर डोळ्यांदेखत करपलं. परीक्षेला मित्र आला तेव्हा त्याच्या तळहातांना फोड होते आणि त्याला पेन नीट धरता येत नव्हता. आम्ही त्याच्या हातांकडे पाहत होतो. तेव्हा त्यानंच हात वर करून दाखवला आणि म्हणाला, "वकाश." आणि आम्ही हसलो. मी माझ्या आयुष्यात बरंच काही चुकीचं केलं असेल. पण त्या हसण्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

कनेक्शन दोन वर्षांनी आलं. पेढे कोणी वाटले नाहीत.

शब्द मात्र थांबायला तयार नव्हता. आमच्याकडून तो खालच्या वर्गात गेला, तिथून मैदानावर, एसटीत, मेहकरच्या कॉलेजात. चार-पाच वर्षांत तो गावातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी आला. मध्ये एकदा परीक्षेच्या ड्यूटीवर लोणार तालुक्यात बीबीला गेलो होतो. चहाच्या टपरीवर मालक एका गिऱ्हाइकाला म्हणत होता, "निकालाच्या आंधीच फटाके फोडले त्यानं, वकाश झाला बिचाऱ्याले." मी चकित होऊन विचारलं, हा शब्द कुठला? तो म्हणाला, "लय जुना शब्द हाये सर. आमचा आजा बी म्हनायचा." मला हसावं की रागवावं कळेना. माझ्या डोळ्यांसमोर जन्मलेल्या शब्दाला परस्पर आजा मिळाला होता. पेढा, पत्र, करपलेली रोपं, यातलं काही त्याच्या सोबत बीबीपर्यंत आलं नव्हतं.

आणि एक दिवस तो मला बाजारात काकांच्याच तोंडून ऐकू आला. कोणीतरी पोरीची सोयरीक जमल्याचं सांगत होतं आणि अजून बोलणी व्हायची होती. काका वांगी तोलता तोलता म्हणाले, "हाव, पन घाई नको करू. वकाश होईन." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा काट्याकडे. मी मनाशी ठरवून टाकलं की त्यांना काही माहीत नाही, गावभर चालतो तसा त्यांच्याही तोंडी बसला असेल. तसं समजणं माझ्या सोयीचं होतं. त्यानंतर अनेक वर्षं ते माझ्यादेखत तो शब्द वापरत राहिले आणि मी दरवेळी माझी समजूत पक्की करत राहिलो.

आम्ही पांगलो. दोघांशी आता सणासुदीच्या मेसेजपुरतं राहिलंय. मी इथेच मास्तर झालो. काकांचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. सुरुवातीला तिथल्या लोकांनी त्याच्या 'काऊन' आणि 'मले-तुले'ची इतकी मजा केली की त्यानं सहा महिन्यांत बोलणं बदललं. बायको तिकडची, मुलगी तिकडची, घरात 'मला-तुला'. फक्त माझ्याशी फोनवर बोलताना तो परत 'मले-तुले'वर यायचा. मला त्याचं बरं वाटायचं. आमच्यातलं काहीतरी जागच्या जागी आहे, असं वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात काकांचं अन्न तुटलं. सत्तरी उलटलेली, पण खांदे तोवर ताठ होते. दोन महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला. मित्र आला, त्यांना अकोल्याला दाखवून आणलं, तपासण्या केल्या, आणि सुटीचा अर्ज टाकायला चार दिवसांसाठी पुण्याला परत गेला. तिथून त्याचा फोन आला.

"पोटात गाठ हाये. पसरली म्हने. आपरेशन नाही होत. बाबाले म्या जखम सांगतली. गोया घेतल्या की बरी होते म्हनलं. ते तुह्याकडं येतीन कागद घेऊन, सगळं इंग्रजीत हाये. तू बी तेच सांग. बाबाले सांगू नको."

तेच तीन शब्द, तीस वर्षांनी. मी म्हटलं, "नाही सांगत."

काका रविवारी दुपारी आले. एका हातात काठी, दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत दवाखान्याची फाइल आणि तिच्यावर सांबाराची जुडी. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, दम खाल्ला. मी शाळेत लागल्यापासून ते मला गुरुजी म्हणतात, चिडवल्यासारखं.

"गुरुजी, हे वाचून दे."

"काका, पोरानं सांगतलंच असन तुम्हाले."

"त्यानं सांगतलं. डॉक्टरनं सांगतलं. आता तू सांग."

मी फाइल उघडली. पानं मागेपुढे केली. काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. "पोटात जखम हाये काका, असं लिवलं हाये. औषधानं..."

त्यांनी हात वर केला.

"थांब. आधी माहं आयक. वावरात दीडशे खड्डे खंदून ठेवले म्या. संत्र्याच्या कलमा परवा येऊन राह्यल्या. संत्र्याले फळ धरायले पाच-सहा वर्षं लागतात. पोरगा फोनवर म्हन्ते, लावा बाबा, आपन दोघं मिळून तोडू. तो असं म्हन्ते तेव्हा त्याचा आवाज हालते. म्हनून तुह्याकडं आलो."

"माह्याकडंच काऊन, काका?"

ते माझ्याकडे बघत राहिले. बाजारात काट्यावरून बघायचे, तसंच.

"तेव्हा तुह्या तोंडात पेढा व्हता," ते म्हणाले. "बोलता आलं नसन. आज तोंड रिकामं हाये."

मी फाइल मिटली. काका शांतपणे सांगत होते, राग कुठेच नव्हता. रोपं करपली त्या चैत्रात ते पत्र घेऊन आमच्या मराठीच्या सरांना बाजारात भेटले होते. सरांनी अर्थ सांगितला आणि वर म्हणाले, हे तर तुमच्या पोराच्या वर्गात मी थंडीतच शिकवलंय. तेव्हा काकांना दोन गोष्टी एकदम कळल्या. कागदात काय होतं ते, आणि आम्ही पोट्टे दिवसभर वकाश वकाश करत कशाला हसतो ते.

"तुम्ही कधी बोलले नाही," मी म्हटलं.

"काय बोलू? पोट्टे व्हते तुम्ही. घरचंच पोट्टं त्यात." त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "आन् शब्द चांगला व्हता लेका. मले बी कामी आला."

मी म्हटलं, "काका, माझं चुकलं." इतकी वर्षं मनात केवढं तरी लांब भाषण तयार होतं. तोंडातून एवढंच निघालं, आणि तेही वर्गातल्या मराठीत.

"ते राहू दे. वाच."

मी वाचलं. एक ओळ इंग्रजीत मनात, मग मराठीत मोठ्यानं. गाठ जठरात आहे. लिव्हरपर्यंत गेली आहे. ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. दुखणं कमी राहावं म्हणून औषधं द्यावीत. कुठेही थांबलो नाही, एकही शब्द मऊ केला नाही. ते माझ्या बोटाकडे पाहत होते, आपण कोणत्या ओळीवर आहोत ते कळावं म्हणून.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ते यात लिवलेलं नाही काका. तसं कोनी लिवत नाही."

"म्हंजे," ते म्हणाले, "यथावकाश."

प्रत्येक अक्षर जागेवर. मी इतकी वर्षं फळ्यावर टाळलेला शब्द त्यांनी माझ्या ओसरीवर बसून माझ्यापेक्षा स्वच्छ उच्चारला. मी मान हलवली. हो.

आतून चहा आला. त्यांनी बशीत ओतून दोन घोट घेतले आणि बाकीचा ठेवला.

"कलमावाल्याले फोन करून नाही म्हनतो," ते म्हणाले. "खड्डे बुजवतो, वाफे करतो. सांबार टाकतो."

"या पावसात? सडते काका सांबार."

"सडते. पन दीड महिन्यात कळते तरी." ते उठले. फाइल त्यांनी नेली, जुडी ओसरीवरच ठेवली.

ते घरी पोचायच्या आत मी मित्राला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून. तो म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना मी."

तुला. सांगितलं. मी. एवढं ऐकलं आणि पुढे काही ऐकायची गरज राहिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यानं माझ्याशी पुण्याची भाषा वापरली.

चार दिवसांनी तो लांब सुटी घेऊन आला. शाळेच्या रस्त्यावर आम्ही समोरासमोर यायचो आणि तो मोबाइल बघत निघून जायचा. वावरात काका खुर्ची टाकून बसलेले आणि तो वाफे ओढतोय, असं मला रस्त्यावरून दिसायचं. पुण्यात इतकी वर्षं काढलेल्याच्या हाताला पुन्हा फोड आले असणार. मी थांबायचो नाही. सांबार टाकल्यावर बारा-पंधरा दिवसांनी चार दिवस नुसती झड लागली. त्या चार दिवसांत वर्गात काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. माझं सगळं लक्ष पावसाच्या आवाजाकडे होतं. मी खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्याचं त्यांनी जे केलं होतं ते दीड एकराच्या चिखलात उघड्यावर पडलं होतं. ते सडलं असतं, तर मी त्या माणसाकडून काय काय काढून घेतलं याचा हिशेब मला कधीच लागला नसता. झड उघडली तेव्हा मी लांबून पाहिलं. वाफ्यांवर बांबू रोवून जुन्या साड्या आणि ताडपत्री बांधलेली होती आणि दोघं बापलेक कडेचं पाणी काढून देत होते.

पुढे गणपती बसले, उठले. मी चौकशी दुसऱ्यांकडून करायचो. काका आता पातळ पेजेवर आहेत, रात्री दुखतं, पण सकाळी वावरात न्या म्हणतात, असं कळायचं.

एका सकाळी शाळेत निघायच्या घाईत होतो. दार वाजलं. मित्र उभा होता. पायांना चिखल, हातात सांबाराची जुडी, मुळांसकट, ओली. वासानं ओसरी भरली. तो आत आला नाही आणि मी ये म्हणालो नाही.

"बाबानं पाठवला," तो म्हणाला.

"कसे हायेत?"

"आज पयली जुडी त्याहीनंच उपटली. उभं राहता येत नाही, तं वाफ्यात बसून उपटली." त्याचा आवाज हलला. काका म्हणाले होते तसाच. त्यानं जुडी माझ्या हातात दिली.

"तुले निरोप हाये. म्हने, गुरुजीले सांग, या बारीले वकाश नाही झाला."